मॉडेल रेल्वेसाठी वायरलेस थ्रॉटल: जोडणी आणि मांडणी

सोलापूर स्थानक, त्याचे यार्ड आणि होटगी जंक्शनपर्यंतचा मार्ग एका खोलीच्या तीन भिंतींना लागून प्लायवूडवर उभा केला, की कंट्रोलर कोठे ठेवायचा हा प्रश्न लगेच उभा राहतो. तो सोलापूरच्या टोकाला ठेवला तर होटगीच्या सायडिंगवर वाघिणी जोडताना कपलिंग जुळले की नाही हे दिसत नाही, आणि होटगीच्या टोकाला ठेवला तर यार्डातील शंटिंग अंदाजाने करावे लागते. लांब वायर लावून कंट्रोलर हातात धरला तर ती वायर सिग्नलच्या खांबांत आणि झाडांत अडकते. गाडीबरोबर चालत जाऊन, इंजिनाच्या शेजारी उभे राहून वेग कमी-जास्त करता येणे, हा वायरलेस थ्रॉटलचा, म्हणजे हातात धरायच्या बिनतारी वेगनियंत्रकाचा, खरा उपयोग आहे. ज्याने एकदा यार्डात इंजिनाशेजारी उभे राहून शंटिंग केले, तो पुन्हा खुर्चीत बसून गाडी चालवायला सहसा तयार होत नाही.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. येथे वायरलेस असतो तो केवळ हात आणि नियंत्रण पेटी यांच्यामधील दुवा. पेटीपासून इंजिनापर्यंत वीज आणि आज्ञा दोन्ही रुळांतूनच जातात. त्यामुळे या कामाचा मोठा भाग रुळांखालच्या वायरिंगचा आहे, आणि वायरिंग कच्चे राहिले तर होणारा त्रास वाय-फायच्या नावावर खपतो. या लेखातही वायरिंगला सर्वाधिक जागा दिली आहे ती याच कारणाने.

आज्ञा इंजिनापर्यंत कशी पोहोचते

साध्या डीसी कंट्रोलरमध्ये रुळांवरील व्होल्टेज वाढले की इंजिन पळते, घटले की मंदावते, आणि त्या रुळांवर असलेली सर्व इंजिने एकाच वेळी तोच हुकूम पाळतात. डीसीसी, म्हणजेच डिजिटल कमांड कंट्रोल, या पद्धतीत रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असते. फक्त त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहते आणि त्या उलटण्याच्या कालावधीतून आज्ञा लिहिली जाते. ५८ मायक्रोसेकंदांचा अर्धा भाग म्हणजे ‘एक’, आणि साधारण १०० मायक्रोसेकंदांचा अर्धा भाग म्हणजे ‘शून्य’. जर्मनीतील लेंझ कंपनीच्या कामावर आधारलेली ही पद्धत अमेरिकेतील एनएमआरए या संस्थेने प्रमाणित केली आणि त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर, म्हणजे इंजिनातील आज्ञा वाचणारी चकती, दुसऱ्या कंपनीच्या कमांड स्टेशनवर, म्हणजे आज्ञा तयार करणाऱ्या नियंत्रण पेटीवर, चालतो. प्रत्येक इंजिनात बसवलेला डिकोडर रुळांवरील सर्व आज्ञा वाचतो, पण त्यातली स्वतःच्या पत्त्यावर आलेलीच पाळतो.

यावरून साखळी अशी बनते: मोबाइल किंवा हातातील थ्रॉटल, तेथून वाय-फायने कमांड स्टेशन, कमांड स्टेशनकडून रुळांना वीज पुरवणारा बूस्टर, मग रूळ, चाके, डिकोडर आणि शेवटी मोटर. बिघाड शोधताना ही साखळी याच क्रमाने तपासावी लागते, म्हणून ती तोंडपाठ असलेली बरी.

कोणता मार्ग निवडावा

ज्यांच्याकडे आधीपासून डिजिट्रॅक्स, एनसीई किंवा लेंझचे कमांड स्टेशन आहे, त्यांनी ते टाकून नवे घेण्याची गरज नाही. ते यूएसबीने संगणकाला किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडून त्यावर जेएमआरआय हे मोफत सॉफ्टवेअर चालवावे, आणि त्यातील वाय-थ्रॉटल सर्व्हर सुरू करावा (वाय-थ्रॉटल ही मोबाइल आणि कमांड स्टेशन यांच्या संवादाची भाषा). हा सर्व्हर ठरावीकपणे १२०९० या पोर्टवर ऐकत असतो आणि मोबाइल त्याला जोडला जातो. उणीव एवढीच की गाडी चालवायची म्हणजे दर वेळी संगणकही चालू ठेवावा लागतो. रोकोच्या झेड-२१ सारखी तयार यंत्रणा घेतली तर वाय-फाय आणि मोबाइल ॲप दोन्ही जुळवूनच मिळतात. ती चांगली आहे, पण महाग आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी माझी शिफारस डीसीसी-ईएक्स या मुक्त प्रकल्पाची आहे. अर्डुइनो मेगा २५६० हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड, त्यावर बसणारे आणि रुळांना वीज सोडणारे अर्डुइनोचे मोटर शील्ड आणि वाय-फाय चिप एवढ्यावर पूर्ण कमांड स्टेशन तयार होते, सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि बोर्ड बिघडला तरी भारतातच दुसरा मिळतो. परदेशातून मागवलेली पेटी बंद पडली की ती दुरुस्तीला परत पाठवण्यात महिने जातात. स्वतः जोडलेल्या पेटीत मात्र कोणता भाग गेला हे ओळखून तेवढाच बदलता येतो.

परदेशातून जुना वायरलेस हँडसेट मागवण्याचा मोह काहींना होतो, म्हणून एक सूचना येथेच करून ठेवतो. अमेरिकेत विकले जाणारे काही हँडसेट ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. तो पट्टा तेथे खुला आहे, पण भारतात त्याचा काही भाग मोबाइल सेवेकडे आहे. असा हँडसेट येथे वापरू नये. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे ठरवून दिलेल्या शक्तिमर्यादेत विनापरवाना वापरता येतो, त्यामुळे तोच सरळ मार्ग आहे.

रुळांखालचे वायरिंग

लेआउटच्या खालून, मार्गाच्या पूर्ण लांबीभर दोन जाड वायरी न्याव्यात. यांना बस म्हणतात. घरगुती लेआउटसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर पुरते, आणि चार-पाच मीटरपेक्षा लांब मार्ग असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. एक लाल, एक काळी असे दोन रंग ठरवावेत आणि पूर्ण लेआउटवर बाहेरच्या रुळाला लाल, आतल्या रुळाला काळी हा नियम कोठेही मोडू नये. दोन्ही वायरी एकमेकींभोवती सैलसर पिळून घेतल्या तर रुळांवरील सिग्नल अधिक स्वच्छ राहतो.

बसपासून रुळांपर्यंत ०.५ चौरस मिलिमीटरच्या आखूड वायरी, म्हणजे फीडर, जोडाव्यात. या वायरी शक्यतो वीतभरापेक्षा लांब नसाव्यात. रुळांच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर असावा. येथे बहुतेक जण कंटाळा करतात आणि दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या जॉइनरवर विसंबून राहतात. नव्या लेआउटवर ते चालून जाते. पण वर्ष-दोन वर्षांत जॉइनरच्या आत धूळ आणि गंज बसतो, एखादा तुकडा अर्धमेला होतो, आणि नेमका त्याच जागी आल्यावर इंजिन अडखळू लागते. डीसी पद्धतीत अशा जागी इंजिन नुसते मंदावते. डीसीसीमध्ये मात्र डिकोडरची वीज क्षणभर तुटली तरी तो पुन्हा नव्याने सुरू होतो, दिवा लुकलुकतो आणि आवाजाचे इंजिन असेल तर आवाजही पहिल्यापासून सुरू होतो.

फीडरचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, रुळाच्या बाहेरच्या बाजूला द्यावा, म्हणजे चाकाची कड त्याला लागत नाही. रूळ आधी बारीक फाइलने घासून उजळ करावा, त्यावर थोडा फ्लक्स लावावा आणि गरम कावीया दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, कारण खालचे प्लास्टिकचे स्लीपर लगेच वितळतात. डागाच्या दोन्ही बाजूंच्या रुळांवर ओल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या तर उष्णता पुढे जात नाही.

सांध्यांकडे, म्हणजे एक मार्ग दोन मार्गांत फुटतो त्या जागांकडे, वेगळे लक्ष द्यावे. ज्या सांध्याचा मधला कोन, म्हणजे फ्रॉग, धातूचा असतो, त्याच्या पुढच्या दोन्ही रुळांवर इन्सुलेटेड प्लास्टिक जॉइनर बसवावेत. अन्यथा सांधा फिरताच दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जाऊन शॉर्ट होतो. फ्रॉगला वीज सांध्याच्या मोटरवरील स्विचमधून द्यावी. मार्ग वळून स्वतःलाच येऊन मिळत असेल, अशा लूपला दोन्ही टोकांना रूळ कापून मध्ये स्वयंचलित रिव्हर्सर, म्हणजे त्या तुकड्यातील लाल-काळी बाजू आपोआप उलटवणारे साधन, लावणे अनिवार्य आहे.

आता चाचणी. कमांड स्टेशन जोडण्यापूर्वी सर्व इंजिने उचलून ठेवावीत आणि मल्टिमीटरच्या बीपवर दोन्ही रूळ तपासावेत. बीप वाजता कामा नये. प्रत्येक फीडर जोडल्यानंतर ही तपासणी केली तर चूक कोणत्या डागात आहे ते तिथल्या तिथे कळते, आणि सगळे जोडून झाल्यावर तपासली तर अख्खे लेआउट उलगडावे लागते. वीज सुरू झाल्यावर दुसरी चाचणी करावी. रुळांवर जागोजाग, विशेषतः सर्वांत दूरच्या टोकाला, एक नाणे आडवे टेकवावे. कमांड स्टेशनने त्याच क्षणी वीज तोडली पाहिजे. एखाद्या ठिकाणी नाणे टेकवूनही वीज तुटली नाही, तर तेथपर्यंतची वायर बारीक आहे किंवा डाग कच्चा आहे. अशा जागी गाडी घसरून शॉर्ट झाला तर विजेचा प्रवाह चालूच राहतो आणि डब्याचे प्लास्टिक वितळू शकते. नाण्याची चाचणी सर्व ठिकाणी उत्तीर्ण झाल्याशिवाय मोबाइलला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियंत्रण पेटी

मोटर शील्ड मेगा बोर्डवर दाबून बसवण्यापूर्वी ते उलटे करून पाहावे. त्याच्या पाठीवर ‘व्ही-इन कनेक्ट’ असे लिहिलेली एक बारीक जोडपट्टी असते, आणि ती धारदार ब्लेडने कापून मल्टिमीटरने तुटल्याची खात्री करून घ्यावी. ही पट्टी राहिली तर रुळांसाठी दिलेले १५ व्होल्ट थेट मेगाकडे जातात, आणि त्या बोर्डला बाहेरून ७ ते १२ व्होल्टच द्यावेत अशी शिफारस आहे. पट्टी कापल्यावर बोर्डसाठी वेगळा ९ व्होल्टचा अडॅप्टर, आणि रुळांसाठी वेगळा एसएमपीएस, म्हणजे घरगुती विजेतून डीसी देणारी पेटी, असे दोन वीजपुरवठे होतात.

एचओ प्रमाणासाठी, म्हणजे १:८७ साठी, रुळांचा एसएमपीएस १५ व्होल्टचा घ्यावा. शील्डवरील एल-२९८ ही चिप स्वतःच दोनेक व्होल्ट खाते, त्यामुळे रुळांवर १३ व्होल्टांच्या आसपास उरतात आणि ते पुरेसे आहेत. या चिपची क्षमता प्रत्येक वाहिनीला २ अँपिअर आहे. आजची एचओ इंजिने साधारणपणे अर्ध्या अँपिअरच्या आत चालतात, म्हणून दोन-तीन इंजिने एका वेळी धावली तरी अडचण येत नाही. त्याहून मोठा ताफा चालवायचा असेल तर अधिक क्षमतेचा मोटर ड्रायव्हर, किंवा डीसीसी-ईएक्सच्या मंडळींनी काढलेला ईएसपी-३२ वरील तयार बोर्ड पाहावा. त्यात वाय-फायही अंगभूत असते.

शील्डच्या ‘ए’ वाहिनीवर मुख्य मार्गाची बस आणि ‘बी’ वाहिनीवर प्रोग्रामिंगचा तुकडा जोडावा. प्रोग्रामिंगचा तुकडा म्हणजे मुख्य मार्गापासून विजेने पूर्ण तोडलेला फूटभर रूळ, ज्यावर एकच इंजिन ठेवून डिकोडरचा पत्ता आणि इतर मूल्ये लिहिली जातात. तेथे प्रवाहाची मर्यादा २५० मिलिअँपिअर असते, त्यामुळे डिकोडर चुकीचा जोडला गेला असला तरी जळण्यापूर्वी वीज तुटण्याची शक्यता चांगली असते. नवीन डिकोडर बसवलेले प्रत्येक इंजिन पहिल्यांदा याच तुकड्यावर ठेवावे.

वाय-फायसाठी ईएसपी-८२६६ चिप असलेला, मेगाशी एकाच पाटीवर जोडलेला बोर्ड घेतला तर वायरींची गुंतागुंत वाचते. त्यावरील छोटे डिप स्विच मेगा आणि वाय-फाय चिप एकमेकांशी बोलतील अशा स्थितीत ठेवावेत. सुटा ईएसपी-०१ हा वाय-फाय बोर्ड घेतलाच, तर त्याला मेगाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून वीज देऊ नये. ती पिन सुमारे ५० मिलिअँपिअरच देऊ शकते, आणि चिपला प्रक्षेपणाच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट लागते. मग वाय-फाय दिसते, जोडले जाते आणि मिनिटभराने नाहीसे होते. स्वतंत्र ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर लावावा.

सॉफ्टवेअर बसवण्यासाठी ईएक्स-इन्स्टॉलर हा कार्यक्रम संगणकावर उतरवून मेगा यूएसबीने जोडावा. तो बोर्ड ओळखतो, शील्डचा प्रकार विचारतो, वाय-फायची माहिती विचारतो आणि बाकीचे स्वतः करतो. पेटी मात्र पत्र्याची करू नये. पत्र्याच्या आत वाय-फाय कोंडले जाते. प्लास्टिकची किंवा लाकडाची, हवा खेळेल अशा भोकांची पेटी योग्य.

वाय-फायची रचना

येथे दोन पर्याय आहेत आणि निवड घरावर अवलंबून आहे. पहिल्या पर्यायात नियंत्रण पेटी स्वतःचेच छोटे वाय-फाय निर्माण करते आणि मोबाइल त्याला थेट जोडला जातो. या जाळ्याचे नाव डीसीसीईएक्स या अक्षरांनी सुरू होते आणि त्यापुढे चिपच्या हार्डवेअर पत्त्याची शेवटची सहा अक्षरे असतात. पासवर्डही त्याच सहा अक्षरांवरून बनतो, म्हणून तो बदलून घ्यावा. घरातील राउटर बंद पडला तरी गाड्या चालतात हा याचा फायदा. ईएसपी-८२६६ एका वेळी पाचपेक्षा अधिक जोडण्या धरत नाही ही त्याची मर्यादा, पण घरच्या लेआउटला ती क्वचितच आडवी येते. दुसऱ्या पर्यायात पेटी घरच्या राउटरला जोडली जाते. मग मोबाइलला इंटरनेटही मिळते, परंतु राउटरने पेटीला दर वेळी वेगळा आयपी पत्ता देऊ नये म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता राखून ठेवावा लागतो. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू असला पाहिजे, कारण ईएसपी-८२६६ ला ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही.

गच्चीवरच्या खोलीत लेआउट असेल आणि राउटर खाली दिवाणखान्यात असेल, तर पहिलाच पर्याय घ्यावा. मधला काँक्रीटचा स्लॅब सिग्नल चांगलाच क्षीण करतो, आणि पत्र्याचे छत व लोखंडी कपाटे त्यात भर घालतात. जुन्या पेठांमध्ये घरे एकमेकांना खेटून असल्याने शेजारची दहा-बारा वाय-फाय नावे सहज दिसतात. मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचे ॲप घेऊन कोणत्या चॅनलवर गर्दी कमी आहे ते पाहावे, आणि १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनल पेटीला द्यावा; हे तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. पेटी लेआउटच्या मध्यावर, कमरेच्या उंचीला ठेवावी, म्हणजे दोन्ही टोके सारख्या अंतरावर राहतात.

मोबाइल थ्रॉटल होताना

अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर आणि आयफोनवर वाय-थ्रॉटल ही ॲप वर्षानुवर्षे वापरात आहेत. मोबाइल पेटीच्या वाय-फायला जोडून इंजिन ड्रायव्हर उघडावे आणि सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.४.१, पोर्ट २५६० असा हाताने भरावा. घरच्या राउटरचा पर्याय घेतला असेल तर पत्ता राउटरने दिलेला असेल, पोर्ट तोच. जोडणी झाली की इंजिनाचा पत्ता टाकून ते निवडायचे, वीज सुरू करायची, आणि पट्टी सरकवून वेग द्यायचा.

पेटीच्या वाय-फायवर इंटरनेट नसते आणि नवे मोबाइल असे जाळे स्वतःहून सोडून मोबाइल डेटाकडे वळतात. गाडी धावत असताना थ्रॉटल निसटण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. ‘इंटरनेट नसले तरी जोडलेले राहा’ असा पर्याय मोबाइल विचारतो, तो स्वीकारावा. मोबाइल डेटा बंद ठेवावा. आणि बॅटरी वाचवण्याच्या सोयीतून हे ॲप वगळावे. याहून उत्तम उपाय म्हणजे घरातील जुना, सिम काढलेला मोबाइल केवळ या कामासाठी राखणे. त्यावर फोन येत नाही, संदेश येत नाहीत, आणि मुलांच्या हातात देतानाही चिंता नसते.

सपाट काचेवर बोट कोठे आहे हे न पाहता कळत नाही, आणि शंटिंग करताना नजर तर कपलिंगवर हवी असते. इंजिन ड्रायव्हरमध्ये आवाज वाढवण्या-कमी करण्याच्या बटणांनी वेग बदलता येतो. ती सोय जरूर वापरावी. पुढे हौस वाढली तर ईएसपी-३२, गोल फिरणारा एन्कोडर आणि छोटा पडदा यांतून हातात मावणारा थ्रॉटल बनवता येतो आणि तो याच वाय-थ्रॉटल भाषेत बोलतो.

इंजिनाचा डिकोडर

ज्या इंजिनात आठ पिनांचे किंवा एकवीस पिनांचे सॉकेट आधीच आहे, त्यात डिकोडर नुसता खोचायचा असतो. जुन्या इंजिनात वायरी स्वतः जोडाव्या लागतात: लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून, केशरी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला, आणि निळी ही दिव्यांची सामाईक धन वायर. मोटरचे दोन्ही ब्रश इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यापासून आणि चाकांपासून पूर्ण तोडलेले आहेत याची मल्टिमीटरने खात्री करावी. तो संबंध राहिला तर डिकोडर पहिल्या क्षणीच जळतो.

पत्ता देताना इंजिनाच्या अंगावरील क्रमांक वापरणे सोयीचे. भारतीय रेल्वेचे इंजिन क्रमांक बहुधा पाच अंकी असतात, म्हणून शेवटचे चार अंक घ्यावेत. १ ते १२७ हे लहान पत्ते आणि त्यापुढील ९९९९ पर्यंतचे मोठे पत्ते असे समजून चालावे. ३००९८ सारख्या क्रमांकातून ९८ उरते आणि तो लहान पत्ता होतो, हे लक्षात असू द्यावे. पत्ता वाचणे आणि लिहिणे प्रोग्रामिंगच्या तुकड्यावर इंजिन ठेवून इंजिन ड्रायव्हरच्या डीसीसी-ईएक्स पडद्यावरून करता येते.

डिकोडरमध्ये साठवलेल्या क्रमांकित मूल्यांना सीव्ही म्हणतात. त्यांपैकी सीव्ही २९ या मूल्याकडे सोलापुरात विशेष लक्ष द्यावे. त्यातील २ ही संख्या २८ व १२८ वेगपायऱ्यांसाठी, ४ ही साध्या डीसीवरही चालण्याच्या परवानगीसाठी आणि ३२ ही मोठ्या पत्त्यासाठी असते. अनेक डिकोडर डीसीची परवानगी चालू ठेवूनच येतात, म्हणजे मोठ्या पत्त्यासह मूल्य ३८ होते. वीज जाऊन-येऊन होत असताना रुळांवर क्षणभर डीसीसी सिग्नलाविना नुसते व्होल्टेज आले, तर असा डिकोडर ते डीसी समजून इंजिन पूर्ण वेगाने सोडतो. ज्या भागात यंत्रमाग चालू-बंद होताना दिवे मिणमिणतात, तेथे ही शक्यता दुर्लक्षिण्यासारखी नाही. मोठ्या पत्त्याच्या इंजिनात सीव्ही २९ ला ३४ आणि लहान पत्त्याच्या इंजिनात २ लिहिले की डीसीची परवानगी बंद होते. त्यानंतर सीव्ही ३ आणि ४ मध्ये वेग हळूहळू वाढण्याचे व घटण्याचे मूल्य द्यावे. मालगाडीच्या इंजिनाला ते अधिक, शंटिंगच्या इंजिनाला जवळजवळ शून्य. सीव्ही ५ ने कमाल वेग आवरता येतो.

कुर्डुवाडीहून १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ज्यांना साकारायची आहे, त्यांना हे कमाल वेगाचे मूल्य विशेष उपयोगी पडेल. ती ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी लाइन होती आणि १:८७ मध्ये ती ९ मिलिमीटरच्या रुळांवर छान बसते. त्या रुळांवरील छोट्या मोटरींना १५ व्होल्टच्या पुरवठ्यावर भलताच वेग येतो. शील्डच्या दोन्ही वाहिन्यांना एकच वीजपुरवठा असल्यामुळे छोट्या लाइनसाठी वेगळे व्होल्टेज देता येत नाही. वेग डिकोडरमध्येच बांधावा लागतो. आणि ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर याच प्रमाणात १९ मिलिमीटरच्या वर जातात, तरी १६.५ मिलिमीटरचे बाजारी रूळच वापरणे शहाणपणाचे आहे, कारण इंजिने आणि सांधे त्याच मापात मिळतात.

थ्रॉटल निसटला तर काय

हातातील मोबाइल अचानक बंद पडला तर इंजिन आपोआप थांबत नाही. डिकोडरला शेवटची मिळालेली आज्ञा कमांड स्टेशन पुन्हापुन्हा पाठवत राहते आणि गाडी त्याच वेगाने पुढे जाते. यासाठी वाय-थ्रॉटल भाषेत हार्टबीटची सोय आहे: थ्रॉटल ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असे कळवतो आणि ते कळणे थांबले की कमांड स्टेशन त्या थ्रॉटलची इंजिने थांबवते. जेएमआरआयमध्ये हा काळ पसंतीच्या पडद्यावर बदलता येतो. सोय आहे असे गृहीत धरू नये, प्रत्यक्ष तपासावी. एक इंजिन मोकळ्या मार्गावर मंद गतीने सोडावे, मोबाइल विमान मोडमध्ये टाकावा आणि घड्याळ पाहावे. दहा-पंधरा सेकंदांत इंजिन थांबले तर ठीक. न थांबल्यास ॲप आणि सर्व्हर यांपैकी कोठे हार्टबीट बंद आहे ते शोधावे. त्या दहा सेकंदांत गाडी किती लांब जाते हेही मोजून ठेवावे, म्हणजे फळीच्या उघड्या टोकाजवळ किती वेग सुरक्षित आहे ते कळते. त्याखेरीज मुख्य वीज तोडणारा एक लाल स्विच लेआउटच्या दर्शनी कडेवर, सर्वांच्या हाताला येईल असा लावावाच.

ऊन, धूळ आणि भारनियमन

मे महिन्यात सोलापुरात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही चढते. निकेल सिल्व्हरचा ९०० मिलिमीटरचा रूळ ३० अंश तापला की साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. जानेवारीत, सिद्धेश्वर यात्रेच्या म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत अंथरलेले रूळ जोडाजोड टेकवून बसवले असतील, तर उन्हाळ्यात ते फुगून वाकतात. म्हणून थंडीत रूळ टाकताना प्रत्येक जोडात अर्ध्या मिलिमीटरची फट सोडावी, आणि मे महिन्यात टाकत असाल तर फट जवळजवळ नसावी. अशा फटींमुळे जॉइनर आणखी सैल राहतात, म्हणूनच प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र फीडर हवा. मोटर शील्डवर लहान पंखा बसवावा.

यंत्रमागांच्या परिसरात सुताचे बारीक तंतू हवेत असतात आणि ते इंजिनाच्या आसांना गुंडाळले जातात. चिमटीने ते दर महिन्याला काढावेत. रूळ पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड वापरावे. पॉलिश पेपरने रुळावर चरे पडतात आणि त्यांत धूळ अधिकच बसते. लहान इंजिनांना स्टे-अलाइव्ह, म्हणजे क्षणभराची वीज साठवणारा, कपॅसिटर लावला तर धुळीच्या ठिपक्यावरून ती न अडखळता जातात, मात्र प्रोग्रामिंग करताना काही डिकोडरांना हाच कपॅसिटर अडथळा ठरतो आणि तेवढ्यापुरता तो काढावा लागतो.

वीज गेली की नियंत्रण पेटी नव्याने सुरू होते आणि मोबाइलची जोडणी तुटते. पेटीच्या ९ व्होल्टच्या बाजूला छोटा डीसी यूपीएस लावला तर मेगा आणि वाय-फाय जिवंत राहतात. रुळांच्या एसएमपीएसला इन्व्हर्टरवर घेण्याची गरज नाही, कारण गाड्या जागच्या जागी थांबणे त्या वेळी हिताचेच असते. वीज परत येण्याआधी सर्व थ्रॉटल शून्यावर आणून ठेवावेत.

दोघांनी मिळून चालवताना

एक जण सोलापूर सांभाळतो आणि दुसरा होटगी, अशी वाटणी केली तर वायरलेसचा आनंद दुपटीने मिळतो. डीसीसी-ईएक्समध्ये एकच इंजिन दोन मोबाइलवर एकाच वेळी निवडता येते आणि दोघांच्याही आज्ञा चालतात. म्हणजे एकाने थांबवलेली गाडी दुसरा नकळत सोडू शकतो. त्यासाठी घरातच शिस्त ठरवावी लागते. गाडी होटगीच्या होम सिग्नलला उभी करून पहिल्याने वेग शून्यावर आणावा, ॲपमधून इंजिन सोडून द्यावे आणि तोंडाने तसे सांगावे. त्यानंतरच दुसऱ्याने तो पत्ता आपल्या मोबाइलवर घ्यावा. हातात घेतल्यावर आधी दिवा लावून आणि विझवून योग्य इंजिन आले आहे याची खात्री करावी, दिशा पाहावी, आणि मग गाडी लूप लाइनमध्ये घ्यावी.